पडद्यावरची मराठी कोण तपासणार?

लिबरऑफिस हे पत्रे आणि हिशेब लिहिण्याचे मोफत सॉफ्टवेअर मराठीतही मिळते. 2010 साली ते ओपनऑफिसपासून वेगळे झाले. अशा सॉफ्टवेअरचे भाषांतर आणि तपासणी बरीचशी स्वयंसेवकच करतात. चुका शोधण्यासाठी खास दिवस ठरतात. भाग घेणाऱ्यास कधी टी-शर्ट, कधी लहानशी भेट मिळते.

भेटीसाठी गेले तर बिघडत नाही. फुकटच्या श्रमाला एवढे तरी मिळावेच. मात्र नुसत्या चुका मोजून बक्षीस दिले की एकच चूक दहाजण लिहितात.

भाषांतर करणाऱ्यासमोर बहुधा सुटे शब्द असतात, पडदा नसतो. 'सेव्ह'चे 'वाचवा' होते ते तिथेच. कुठे बटणात शब्द अर्धा तुटतो, कुठे जोडाक्षर फुटते. रोज मराठीत अर्ज टाइप करणाऱ्या मुलीला हे लगेच दिसते. ती इंग्रजीत कच्ची असेल तर अधिकच उपयोगाची. मराठी कळली नाही की ती मनात इंग्रजी शब्द आणून पुढे जात नाही, तिथेच अडते.

चूक कळवताना पडद्याचे चित्र, आवृत्तीचा क्रमांक, दिसणारा शब्द आणि हवा असलेला शब्द द्यावा. 'मराठी बरोबर नाही' अशा मोघम तक्रारींचे कागद कचेरीत कुठे जातात, ते आम्हा कारकुनांना ठाऊक आहे.