पाणी, पैसा आणि लेखणी

पाण्यावरील सर्वांच्या हक्काविषयीं लिहिणाऱ्या पत्रकारास अनुदान दिल्यास त्याची लेखणी गहाण पडते, असें आमचे कांहीं विद्वान मित्र म्हणतात. १९२० सालीं ‘मूकनायक’ निघालें तें शाहू महाराजांच्या २५०० रुपयांच्या साह्यानें, त्यामुळें डॉ. आंबेडकरांची लेखणी मिंधी झाली काय? महाडच्या नगरपालिकेनें १९२४ मध्यें चवदार तळें अस्पृश्यांस खुलें केलें, पण तें ठरावांत! पाण्यास हात लावण्यास १९२७ चा सत्याग्रह लागला आणि हक्कावर शिक्कामोर्तब होण्यास १९३७ चा उच्च न्यायालयाचा निकाल. ठराव आणि ओंजळ यांमधील हें अंतर गांवोगांव हिंडूनच मोजतां येतें, आणि हिंडण्यास पैसा लागतो. दात्यानें नांव उघड करावें, मजकुरास हात लावूं नये. एवढें बंधन पुरे. उपाशी राहून सत्य सांगा, हा उपदेश भरल्या पोटींच सुचतो!