उदईची नोंद कोण करणार?

नर्मदेची लांबी 1312 किलोमीटर, हे आपल्या महाविद्यालयातील बहुतेक विद्यार्थ्यांना पाठ असते. तिचा सुमारे 54 किलोमीटरचा काठ महाराष्ट्राच्या वाट्याला आला आहे, हेही अनेकजण सांगतील. पण धडगावच्या उदईची लांबी किती, तिला कोणकोणते नाले कोठे मिळतात, उन्हाळ्यात तिचे कोणते डोह टिकतात, असे विचारले तर शिकलेल्यांपेक्षा गुरे चारणारा मुलगा अधिक अचूक उत्तर देईल. भूगोलाचा विद्यार्थी म्हणून शाळेपासून जी पुस्तके मी वाचली, त्यांत मला ऱ्हाईन भेटली, डॅन्यूब भेटली. उदई मात्र भेटली नाही.

वस्तुतः उदईचा प्रवाह मोठा अभ्यासनीय आहे. सातपुड्याचा मुख्य कणा हा आपल्याकडचा पाणलोट. त्याच्या दक्षिण उतारावरचे पाणी गोमाईसारख्या नद्यांतून शहाद्याकडे उतरते आणि प्रकाशाजवळ तापीला मिळते. आपल्या अक्राणीच्या पठाराचे पाणी मात्र उत्तरेची वाट धरते. ते गोळा करीत उदई धडगावजवळून जाते, वायव्येकडे वळत बिलगावकडे उतरते आणि पुढे नर्मदेत विलीन होते. काळ्या बेसाल्टचा हा मुलूख. या खडकात पाणी फारसे मुरत नाही आणि उतार तीव्र; म्हणून आषाढ-श्रावणात ही नदी अंगावर धावून येते आणि होळीनंतर डोहाडोहांत आटून बसते. तिच्या नावाचे लेखनदेखील अजून स्थिर झालेले नाही. कोणी ‘उदई’ लिहितो, कोणी ‘उदय’.

‘एवढ्याशा नदीचे काय कौतुक?’ असे कोणी म्हणेल. त्यांच्यासाठी परदेशातील एक उदाहरण देतो. जर्मनीत ड्युसेल नावाची एक लहानशी नदी आहे. लांबी सुमारे 40 किलोमीटर. ती ऱ्हाईनला जिथे मिळते, तेथल्या खेड्याला तिच्यावरून ‘ड्युसेलडॉर्फ’, म्हणजे ड्युसेलकाठचे खेडे, हे नाव पडले. आज ते मोठे शहर आहे. या नदीच्या एका अरुंद घळीत 1856 साली चुनखडीच्या खाणीत काही हाडे सापडली. त्या घळीचे नाव निआंडर. ‘निआंडरथल मानव’ हा शब्द साऱ्या जगाला तिथून मिळाला. पुढे खाणीने ती घळच खाऊन टाकली, गुहेची जागाही विस्मृतीत गेली. पण चित्रकारांनी ती घळ आधी रंगवून ठेवली होती, विद्वानांनी वर्णने लिहिली होती. 1997 साली संशोधकांनी ती जागा पुन्हा शोधून काढली. नदीचे रूप नष्ट झाले तरी कागद उरला, म्हणून स्मृती उरली.

आपल्याकडे काय उरले? सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रात अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील 33 गावे बाधित झाली. धरणाची उंची 138.68 मीटर झाली, 2017 साली त्याचे लोकार्पण झाले, 2019 साली ते प्रथमच पूर्ण भरले. नर्मदेला मिळणाऱ्या आपल्या लहान नद्यांची मुखे त्या फुगवट्याखाली गेली. तिथल्या काठाची शेते, उताराच्या जागा, वाळूचे पट्टे, देवांची ठाणी यांची नावे आता म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तेवढी आहेत. आपल्या भागातील कितीतरी गावे दीर्घकाळ वनगावे होती. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीला सातबारा नव्हता. त्यामुळे बुडालेले कोण आणि किती, यावर वर्षानुवर्षे वाद चालले. माझे मत असे की, ज्याचा कागद नाही त्याचे बुडणेही कागदावर येत नाही. माणसाच्या बाबतीत हे खरे ठरले; नदीच्या बाबतीतही ते खरे आहे.

नोंदीचा उपयोग केवळ आठवणीपुरता नाही. बिलगावचे उदाहरण आपल्या तालुक्यातलेच आहे. तिथल्या धबधब्याच्या बळावर 2003 साली 15 किलोवॅटचा लहानसा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. केरळातून आलेल्या जाणकारांनी तंत्र दिले, गावकऱ्यांनी श्रमदान केले आणि पाड्यांवर दिवे लागले. पुढे 2006 च्या पावसाळ्यात सरदार सरोवराचे पाणी चढले आणि तो प्रकल्प बुडाला. धबधबा पाहायला आजही लोक पावसाळ्यात जातात. पण त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असते की, इथल्या पाण्याने एकेकाळी घरे उजळली होती? पाणी किती आणि ते किती उंचीवरून पडते, हे कोणीतरी मोजले म्हणूनच ते दिवे लागले.

मोजणे काही कठीण नाही. काठावर 20 मीटर अंतर आखावे, सुकलेला दुधी भोपळा पाण्यात सोडावा आणि घड्याळ पाहावे. समजा, त्याला 40 सेकंद लागले, तर वेग सेकंदाला अर्धा मीटर. पात्र 4 मीटर रुंद आणि सरासरी पाव मीटर खोल असेल तर गुणाकार अर्धा घनमीटर येतो. तळाचे पाणी संथ चालते म्हणून त्यातले सुमारे 85 टक्के धरावेत; म्हणजे सेकंदाला सव्वाचारशे लिटर. एक दोरी, एक काठी, एक घड्याळ आणि एक वही, एवढाच खर्च. बंधारा कोठे घालावा, विहीर कोठे टिकेल, चैत्रात कोणत्या पाड्याला टंचाई येईल, या प्रश्नांची उत्तरे अशा वहीतून निघतात. मुंबईच्या कचेरीतून निघत नाहीत.

म्हणून माझी सूचना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. एक वर्ष उदईच्या काठाने चालूया. भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी ठरावीक चार ठिकाणी दर महिन्याला पाणी मोजावे. मराठीच्या विद्यार्थ्यांनी डोहांची, नाल्यांची, उतारांची पावरी आणि भिलोरी नावे जशी उच्चारली जातात तशीच देवनागरीत उतरवून घ्यावीत. त्यांना शुद्ध करण्याच्या फंदात पडू नये. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी बुडालेल्या काठावरून उठून आलेल्या आजी-आजोबांकडे बसावे. हे काम लांबणीवर टाकता येणार नाही, कारण ही माणसे थकत चालली आहेत.

कोणी विचारील, हे काम सरकारी खात्यांचे नव्हे काय? खात्यांनी ते जरूर करावे. पण खात्याचा माणूस बदलून जातो आणि नदीकाठचा विद्यार्थी आमचूर वाळवायला, महू वेचायला पुन्हा त्याच काठावर येतो. त्याच्याइतका कायमचा निरीक्षक कोणत्याही खात्याला मिळायचा नाही.

संपादक मंडळाला एवढीच विनंती की, पुढील अंकापासून या वार्षिकात एक पान ‘उदई’साठी राखून ठेवावे. त्या पानावर कविता नको, गौरव नको. वर्षभराची मोजमापे आणि नव्याने कळलेली दहा नावे असावीत. दहा वर्षांत दहा पाने होतील, आणि धडगावच्या नदीचा परिचय धडगावच्याच मुलांनी लिहिलेला असेल.