सापाच्या मावशीचे घर

ढेकूळ उलटले की त्याखालून एखादा चकचकीत, बोटाएवढा जीव वळवळत निघतो आणि पाहता पाहता दुसऱ्या ढेकळाखाली नाहीसा होतो. बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याला सापसुरळी अपरिचित नाही. लोकांनी तिला ‘सापाची मावशी’ ठरविले आणि या लादलेल्या नात्यापायी तिच्या वाट्याला बहुधा खोऱ्याचा घावच आला. वस्तुतः भारतातील एकही सापसुरळी विषारी नाही. वाळवी आणि किडे खाऊन ती शेतकऱ्याचे कामच हलके करते.

याच कुळातील ‘रिओपा डेक्कनेन्सिस’ ही नवी जाती ईशान अग्रवाल, तेजस ठाकरे आणि अक्षय खांडेकर या संशोधकांनी २०२४ मध्ये दख्खनच्या प्रदेशातून विज्ञानाला परिचित करून दिली. रिओपा या गणाचे नामकरण जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३९ मध्ये केले होते. म्हणजे पावणेदोनशेहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांना ठाऊक असलेल्या गणातही एक जाती अनोळखी राहिली होती! दिसण्यात सारख्या असणाऱ्या या प्राण्यांतील भेद कळण्यास खवल्यांच्या मोजणीला जनुकांच्या तुलनेची जोड द्यावी लागते.

या प्राण्यांचे पाय आखूड असतात. मातीतून वाट काढताना लांब पाय अडचणच करणार. म्हणून घाई असली की ही सापसुरळी ते अंगालगत मिटून सापासारखी सरकते. चिल्का सरोवरातील बरकुडा बेटावरून ॲनंडेल यांनी १९१७ मध्ये जिचे वर्णन केले, त्या सापसुरळीला तर बाहेरून दिसणारे पायच उरलेले नाहीत. निसर्गाच्या या काटकसरीला अपंगत्व म्हणणे आपल्या चालीच्या अहंकाराचे लक्षण होय.

परंतु या प्राण्याचे घर म्हणजे जमिनीचा वरचा वीतभर थर, आणि तोच आपण निर्धास्तपणे उकरीत असतो. बालाघाटावरील मुरमाड माळांची सरकारदरबारी ओळख ‘पडीक’ अशी. केंद्र सरकारच्या पडीक जमिनींच्या नकाशासंग्रहात खुरट्या झुडपांच्या जमिनीचाही समावेश आहे. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे १९९४ मध्ये मोरांसाठी अभयारण्य झाले, हे योग्यच झाले. मोर दिसतो, नाचतो, छायाचित्रात शोभतो. मातीखालच्या जिवाची बाजू मांडणार कोण?

२०१७ ते २०१९ या तीन वर्षांत राज्याने ५० कोटी वृक्षलागवडीचे उद्दिष्ट ठेवले होते. दुष्काळी बीडमध्ये झाडांना विरोध करण्याचे धाडस कोणी करणार नाही, आम्हीही करीत नाही. मात्र गवताळ माळ म्हणजे झाडे नसलेले जंगल, ही समजूत चुकीची आहे. तेथे गवत आहे, मेंढपाळांची चराई आहे आणि दगडांखाली अद्याप कोणी न मोजलेली वस्ती आहे. गायरानावर यंत्रांनी खड्डे घेण्यापूर्वी निदान एका पावसाळ्याची पाहणी व्हावी, ही मागणी अवास्तव नाही. तिच्यासाठी मुंबईहून तज्ज्ञांचे पथक येण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे अध्यापक आहेत, विद्यार्थी आहेत. एखाद्या रविवारी त्यांनी वहीपेन्सिल घेऊन माळावर जावे, दगड उचलून पाहावा, दिसेल ते नोंदवावे आणि तो दगड होता तसाच परत ठेवावा.