बाळसे, पोट आणि पडदा

मूल अंगाने भरले की आपल्याकडे घरादाराला समाधान वाटते. 'बाळसे धरले' या शब्दांतील कौतुक दुष्काळ पाहिलेल्या समाजाचे आहे. परंतु दिवसभर वर्गात बसून घरी मोबाइलपुढे जेवणाऱ्या बारा वर्षांच्या मुलाच्या सुटलेल्या पोटाला बाळसे म्हणणे ही आत्मवंचना होय.

आपल्या देशात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून जिल्ह्यातील खेड्यांत केलेल्या अभ्यासात असे आढळले की, तेथील अर्भके इंग्लंडमधील अर्भकांपेक्षा सुमारे ८०० ग्रॅमने हलकी होती. त्यांचे स्नायू कमी होते, धडावरची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. म्हणजे किडकिडीत दिसणारे मूलही निर्धास्त नाही. पोटातील चरबीच पुढे मधुमेहाला व हृदयविकाराला वाट करून देते, आणि ती वजनकाट्यावर दिसत नाही. कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा, हा साधा दंडक शिंप्याच्या फितीनेही पडताळता येतो.

पडदा येथे तिहेरी अपाय करतो. तो खेळाचा वेळ खातो. त्याच्यापुढे बसून खाताना पोट भरल्याचे भान राहत नाही. आणि रात्री तो झोप लांबवतो. परंतु सारा दोष मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. मैदानावर इमारत, रस्त्यावर वाहने आणि संध्याकाळी शिकवणी, अशा कोंडीत मुलाने पडद्याकडे वळू नये तर कोठे जावे?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे अंगमेहनतीची शिफारस केली. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान आवश्यक ठरविले आहे. तरीही परीक्षा जवळ आली की पहिला बळी शारीरिक शिक्षणाच्या तासाचा जातो, आणि गणिताचे शिक्षक तो तास हक्काने मागून घेतात. पालकही त्याबद्दल तक्रार करीत नाहीत. उलट त्यांना बरेच वाटते.

मोबाइलबंदीचे फतवे काढणे सोपे आहे. परंतु काढून घेतलेल्या पडद्याच्या जागी काही दिले नाही, तर ते टिकणार नाहीत. शाळांनी खेळाचा तास राखावा आणि सुटीनंतर मैदानाचे फाटक उघडे ठेवावे. पालकांनी निदान जेवणाच्या ताटापासून पडदा दूर सारावा, आणि त्या वेळी स्वतःचाही मोबाइल बाजूला ठेवावा.