संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी



३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातल्या कामाची रोजची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली. ओव्हरटाइमची तिमाही मर्यादाही ११५ वरून १४४ तास. याला लवचीकता म्हटले जाते, आणि कामगाराच्या लेखी संमतीशिवाय जादा काम घेतले जाणार नाही, असा दिलासा दिला जातो.

ही संमती चाकण, रांजणगाव, वाळूजच्या गेटवर कशी मिळते ते आपण जाणतो. ठेकेदाराकडे नाव लावतानाच कागदांचा गठ्ठा पुढे येतो. वाचायला वेळ कोण देतो? पुढे ज्याने ‘आज ओटी नको’ म्हटले, त्याला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगतात. कामावरून काढल्याची नोंदसुद्धा कुठे होत नाही. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याची सही ही संमती नव्हे!

लवचीक वेळ आम्हालाही हवी आहे. तान्ह्या बाळाच्या आईला तासभर उशिरा येता यावे, आजारी वडिलांना दवाखान्यात न्यायचे असेल तर शिफ्ट बदलून मिळावी. पण असे काही मागितले की खाडा लागतो. वेळ वाकवायचा हक्क मालकाला, वाकायचे कामगाराने.

बारा तासांवर येण्याजाण्याचे दोन-तीन तास धरा. घरी पोचल्यावर बाईपुढे चूल असतेच. आणि पॉवर प्रेसवर थकलेला हात क्षणभर चुकला तर बोटे जातात. ती ओव्हरटाइमच्या पैशांनी परत येत नाहीत.

रविवारची सुट्टीसुद्धा १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे आणि मुंबईच्या गिरणी कामगारांनी लढून घेतली. गुजरातने २०२० मध्ये दुप्पट मोबदला न देता १२ तास राबवून घेण्याची अधिसूचना काढली, ती सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. तामिळनाडूत १२ तासांचे विधेयक एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झाले. कामगार संघटना उभ्या राहिल्या आणि १ मे रोजी ते मागे घेत असल्याचे मुख्यमंत्र्यांना जाहीर करावे लागले.

म्हणून कोऱ्या किंवा न वाचलेल्या कागदावर सही करू नका. सही केलेल्या प्रत्येक कागदाची प्रत मागा, जादा तास रोज स्वतःच्या वहीत लिहा, आणि मोबदला दुप्पटच घ्या. ओटी नाकारणाऱ्याला घरी बसवले, तर त्या दिवशी त्याच्यासोबत सगळी शिफ्ट गेटवर थांबली पाहिजे.