लाल हत्ती, पायात ससा

आषाढात लोकरीचा विषय काढला की ऐकणाऱ्याला हसू येते. बीडमध्ये या दिवसांत सगळ्यांचे डोळे आकाशाकडे लागलेले असतात, मोंढ्यात बियाण्याची गर्दी असते आणि सुया-लोकरीची पेटी माळ्यावर निजलेली असते. ती पेटी खाली उतरते साधारणपणे मार्गशीर्षात. तोवर थंडी दारात येऊन उभी राहिलेली असते. घरच्या नातवंडांपुरते हे वेळापत्रक चालून जाते. जिल्ह्यातील ज्या मुलांना थंडी सर्वांत अधिक सोसावी लागते, त्यांच्यासाठी मात्र ते निरुपयोगी ठरते, कारण मार्गशीर्षात ती मुले जिल्ह्यात नसतातच.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर, केज या भागांतील गावे रिकामी होऊ लागतात. ऊसतोडीसाठी नवरा-बायकोची जोडी, म्हणजे मुकादमाच्या हिशेबातील 'एक कोयता', सांगली-कोल्हापूरकडे, पुणे-साताऱ्याकडे किंवा थेट बेळगावकडे निघते. सोबत भांडी, शेळी आणि लहान मूल असते. मोठी मुले आजी-आजोबांजवळ राहिली तरी अंगावरचे व दोन-तीन वर्षांचे मूल आईबरोबरच जाते. फडाशेजारी उसाच्या पाचटाची किंवा ताडपत्रीची कोपी उभी राहते आणि पुढचे पाच-सहा महिने तेच घर होते. तोड पहाटेच्या अंधारात सुरू होते, गाडी भरण्याची वेळ कधी कधी मध्यरात्रीही येते. पौषातल्या पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरलेला असताना मूल फडाच्या कडेला, पाचटाच्या अंथरुणावर असते.

थंडीतील दान समाजाला नवे नाही. पौष-माघात ठिकठिकाणी ब्लँकेटे वाटली जातात आणि ती घेणाऱ्यांना त्यांची गरजही असते. परंतु त्या वेळी गावात उरलेले असतात ते वृद्ध आणि शाळकरी मुले. कोपीतले मूल तेव्हा दोन-तीनशे किलोमीटर दूर असते. त्याच्या डोक्यावर टोपी हवी असेल तर ती दसऱ्यापूर्वी त्याच्या आईच्या गाठोड्यात पडली पाहिजे, म्हणजेच ती चातुर्मासात विणून झाली पाहिजे. योगायोगाने हाच काळ घरात बसून करण्याच्या कामाला सोयीचा आहे. दुपारचे प्रवचन आटोपल्यावर स्थानकातून परतलेल्या बायका ओसरीवर जमतात, पाऊस पडत असतो आणि बोलता बोलता हात मोकळेच असतात. सामायिकाची अठ्ठेचाळीस मिनिटे सुया अर्थातच बाजूला राहतील.

मग विणायचे काय? दानासाठी म्हणून विणलेल्या वस्तूंचे एक ठरलेले रूप असते. उरल्यासुरल्या लोकरीची, राखाडी किंवा मळखाऊ तपकिरी रंगाची, कोणत्याही डोक्याला कशीबशी बसणारी टोपी. ती देणाऱ्याला समाधान देते, मूल मात्र ती पहिल्या तासातच काढून फेकते. घरातल्या मुलाची टोपी आई दहा वेळा परत घालते. फडातील आईच्या एका हातात कोयता आणि दुसऱ्या हातात उसाचे कांडे असते, तिला ते शक्य नाही. म्हणून टोपी मुलालाच आवडली पाहिजे, इतकी की कुणी काढू लागले तर त्याने रडावे. हत्तीचे कान, सशाचे डोळे हे लाड वाटतात, पण टोपी डोक्यावर टिकवण्याचा त्याहून सोपा उपाय नाही.

मुलांच्या विणकामात प्राणी आणि फुले आणण्याची हौस जगभर आहे. नॉर्वेतील सेल्बू गावात मारित एमस्टाड या तरुणीने १८५७ मध्ये काळ्या-पांढऱ्या आठ पाकळ्यांच्या फुलांचे हातमोजे विणले आणि त्या नक्षीवर पुढे सारे गाव पोसले. आपल्याकडे हिमाचलातील लाहौलच्या बायका रंगीत नक्षीचे मोजे विणतात, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. मराठी घरांत ही हौस बाळंतविड्यात दिसते. टोपरे, कुंची, पायमोजे यांवर बदक, पोपट, कैरी उमटतात. जैन घरांत मात्र प्राणी निवडताना एक प्रश्न हमखास उभा राहतो आणि तो घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया विचारतातच.

हत्ती हे अजितनाथांचे लांछन. घोडा संभवनाथांचा, माकड अभिनंदननाथांचे, हरीण शांतिनाथांचे, कासव मुनिसुव्रतांचे, सिंह तर महावीरांचा. चोवीस तीर्थंकरांच्या लांछनांत विणकरणीला हवे ते जवळजवळ सारे प्राणी आलेले आहेत. ते पायमोज्यांवर विणावेत काय? श्वेतांबर घरांत याला आशातना म्हणतील, दिगंबर घरांत अविनय, पण भुवया दोन्हीकडे उंचावतील. हत्ती हा आधी हत्तीच आहे आणि मूल त्याच्याकडे लांछन म्हणून पाहत नाही, असा युक्तिवाद करता येतो, तो खोटाही नाही. तरी ज्या वस्तूवर घरात वाद होईल ती दुपारच्या बैठकीत पुरी होत नाही, हा अनुभव जुना आहे. सोपी वाट अशी की लांछनातील प्राणी डोक्यावर चढवावेत आणि पायांसाठी त्यात नसलेले ससा, खार, पोपट घ्यावेत. स्वस्तिक, कलश, श्रीवत्स, नंद्यावर्त ही चिन्हे मोज्यांवर नकोतच. ससा पायात आणि हत्ती डोक्यावर, अशी वाटणी झाली की सासूबाईही सुया हातात घेतात.

दुसरा प्रश्न लोकरीचा, आणि तो अधिक अवघड आहे. बाजारात विणकामाची लोकर म्हणून जे मिळते, त्यातले बहुतेक अॅक्रिलिक असते. भगवान महावीरांचेच जन्मनाव मिरवणारा लुधियानाचा वर्धमान समूह १९६५ पासूनचा. त्याच्या गुंड्यांनी कित्येक घरांतल्या मुलांचे हिवाळे ऊबदार केले. अॅक्रिलिक स्वस्त, मऊ, रंगाला पक्के आणि धुवायला सोपे असते. मेंढीशी त्याचा संबंध नाही, म्हणून अहिंसेच्या दृष्टीने ते निर्दोष वाटते. परंतु कोपीतले मूल चुलीजवळ बसते, पाचटाच्या शेकोटीशी हात शेकते. अॅक्रिलिक जळताना वितळते आणि वितळलेला धागा कातडीला चिकटतो. खरी लोकर सहजासहजी पेट घेत नाही, आणि ठिणगी पडली तरी बहुधा तिथेच करपून विझते. शहरातील घरात हा फरक कधी लक्षातही येत नाही. फडात त्याला मोल आहे.

मग खरी लोकर घ्यावी, तर तिथेही मन स्वस्थ राहत नाही. मऊ लोकर मेरिनो मेंढीची आणि ती मुख्यतः ऑस्ट्रेलियातून येते. तिथे माश्यांचा उपद्रव टाळण्यासाठी अनेक कळपांतील कोकरांच्या शेपटीजवळची कातडी कापून काढण्याची प्रथा आहे. आपल्या धनगरांच्या दख्खनी मेंढीची लोकर कातरून निघते. घोंगडीला ती उत्तम, पण इतकी राठ की लहान मुलाच्या कपाळावर पुरळ उठावे. लोकर साधूंनाही वर्ज्य नाही. श्वेतांबर साधु-साध्वींचा ओघा लोकरीच्या धाग्यांचा असतो आणि त्यांच्या उपकरणांत कांबळीही असते. तरीही नव्या लोकरीच्या मागे काय घडले, हे विचारणे श्रावकाला शोभते.

या पेचातून सुटण्याची वाट बहुतेक घरांच्या जुन्या ट्रंकेत आहे. वीस-तीस वर्षांपूर्वीचे, कोपरे विरलेले, आता कुणाच्याही मापाचे न राहिलेले स्वेटर. ते उसवावेत. दिगंबर मुनींची पिच्छी मोराने आपण होऊन गाळलेल्या पिसांची असते. उसवलेल्या लोकरीलाही तोच न्याय लावता येईल. तिच्यासाठी कुणाला नव्याने इजा होत नाही. स्वेटर खरोखर लोकरीचा आहे की नाही, हे तपासण्यासाठी धाग्याचा बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा. केस जळल्याचा वास येऊन चुरगळणारी राख पडली तर ती लोकर. वितळून कडक काळा मणी झाला तर अॅक्रिलिक. अशा अॅक्रिलिकचे शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी मफलर करावेत, कोपीसाठी नकोत. उसवलेला धागा खुर्चीच्या पाठीला गुंडाळून त्याची लड करावी, चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवून खाली थोडे वजन अडकवून सावलीत वाळवावी. त्यातील वळ्या जातात आणि धागा पुन्हा नवा होतो.

हत्तीच्या टोपीसाठी चार पदरी लोकर व १० नंबरच्या सुया घ्याव्यात. दोन ते तीन वर्षांच्या मुलासाठी १२० टाके घालून एक सुलट, एक उलट अशी ६ सेंटीमीटर पट्टी विणावी. ही पट्टी पुढे अर्धी दुमडली जाते, त्यामुळे कानांवर दुहेरी ऊब राहते आणि मूल वाढले की उलगडता येते. नंतर एक ओळ सुलट, एक ओळ उलट असे विणत एकूण उंची १७ सेंटीमीटर करावी. आता माथा. ६ टाके सुलट विणून दोन टाक्यांचा एक करावा, असे ओळभर केल्यावर १०५ टाके उरतील. पुढची ओळ उलट. त्यानंतर ५ सुलट व दोनाचा एक, मग ४ व दोनाचा एक, असे प्रत्येक सुलट ओळीत कमी करत जावे, मधल्या ओळी उलट. ३० टाके उरले की ओळभर दोनाचा एक करून राहिलेल्या १५ टाक्यांतून धागा ओवून घट्ट ओढावा व मागची शिवण घालावी.

कानांसाठी १० टाके घालून सर्व ओळी सुलट विणाव्यात. एकाआड एका ओळीत दोन्ही टोकांना एकाचे दोन करत १८ टाके करावेत, १० ओळी तशाच विणून त्याच क्रमाने पुन्हा १० वर यावे व टाके बंद करावेत. असे दोन कान शिवणीपासून सारख्या अंतरावर बसवावेत. सोंडेसाठी १२ टाक्यांची ८ सेंटीमीटर पट्टी, एक ओळ सुलट, एक उलट. अशी पट्टी कडेने आपोआप गुंडाळते. एरवी हा दोष मानून बायका वैतागतात, इथे त्याच दोषातून सोंड तयार होते. तिचे टोक वर वळवून टाक्याने पक्के करावे, लोंबती सोंड मूल तोंडात घालते. डोळ्यांना बटणे किंवा मणी लावू नयेत, काळ्या धाग्याने भरावेत. हनुवटीखाली बांधायच्या दोऱ्याही नकोत. आई दूर असताना गळ्याभोवतीचा दोरा धोक्याचा.

मोजे टाचेवाचून विणावेत. टाच वळवणे पुष्कळांना जमत नाही हे एक, आणि टाचेचा मोजा पाच महिन्यांत वाढत्या पावलाला अपुरा पडतो हे दुसरे. चार सुयांवर (१२ नंबर) ४० टाके गोल घालून दोन सुलट, दोन उलट असे ५ सेंटीमीटर विणावे. पुढे त्याच विणीचे चार फेरे झाले की नक्षी एका टाक्याने सरकवावी. म्हणजे पुढचे चार फेरे एका उलट टाक्याने सुरू करून दोन सुलट, दोन उलट असे चालावे व शेवटी एक उलट राहील. त्यानंतरचे चार फेरे दोन उलट, दोन सुलट. त्यानंतरचे एका सुलट टाक्याने सुरू करून दोन उलट, दोन सुलट, शेवटी एक सुलट. मग पुन्हा पहिल्यापासून. वीण मळसूत्रासारखी फिरते आणि पावलाला कशीही बसते. एकूण १८ सेंटीमीटर झाल्यावर ३ सुलट व दोनाचा एक, एक साधा फेरा, २ सुलट व दोनाचा एक, साधा फेरा, १ सुलट व दोनाचा एक, साधा फेरा, शेवटी सर्वत्र दोनाचा एक. उरलेल्या ८ टाक्यांतून धागा ओढावा.

सशाचे तोंड मात्र चवड्यावर करू नये. टाच नसलेला मोजा पायात फिरतो, त्याचे हेच सुख आहे, पण मग ससा तळव्याखाली येऊन कान चुरगळतात. तोंड वरच्या पट्टीवर भरावे आणि सहा-सहा टाक्यांचे दोन लांब कान पोटरीशी उभे शिवावेत. दोन रंगांची नक्षी विणण्याचा मोहही मोज्यात टाळावा. आतून लोंबणाऱ्या धाग्यांत मुलाची बोटे अडकतात.

राहिला रंग. हत्ती म्हटला की राखाडी लोकर शोधली जाते, आणि जुन्या स्वेटरांत ती भरपूर सापडते. पण वाळलेले पाचटही फिकट करड्या-पिवळ्या रंगाचेच असते. मूल त्यात निजलेले असते आणि ऊस भरायला ट्रॅक्टरची ट्रॉली फडात मागे येते. चालकाला दुरून दिसेल असा रंग हवा. म्हणून हत्ती लाल असावा, भडक कुंकवासारखा लाल. लाल स्वेटर न मिळाल्यास केशरी चालेल. टोपी व मोजे मिळून सुमारे शंभर ग्रॅम लोकर लागते, आणि एका मोठ्या माणसाच्या स्वेटरातून तीन मुलांचे संच सहज निघतात.

घटस्थापनेपर्यंत हे संच तयार व्हावेत. गाड्या त्यानंतर केव्हाही सुटतात.