परीक्षेचे गाणे आणि आजीची ओवी

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही आमच्याकडे आरोग्यविषयक लेख मागितला होता. मधुमेह आणि रक्तदाब यांवर आम्ही पूर्वी लिहिले आहे. ते वाचून कोणा सभासदाने भीमजयंतीच्या भोजनातील गुलाबजाम नाकारल्याचे आमच्या पाहण्यात नाही. म्हणून या वेळी निराळ्या विषयावर मत मांडण्याची अनुज्ञा घेतो. मुलांनी गायनाच्या परीक्षेसाठी कोणते गाणे निवडावे, हा तो विषय.

येथे ब्रिटनमध्ये आपली पुष्कळ मुले असोसिएटेड बोर्डाच्या संगीत परीक्षांना बसतात. हे मंडळ १८८९ सालचे. आमची कन्या गेल्या वर्षी गायनाच्या पाचव्या श्रेणीला बसली. त्या परीक्षेत पियानोच्या साथीने तीन गाणी म्हणावयाची असतात. त्याखेरीज एक पारंपरिक गीत, तेही साथीविना आणि पाठ. एकूण १५० गुणांपैकी त्याला २१ गुण. हे गीत कोणत्याही देशाचे, कोणत्याही भाषेतले चालते. मात्र पारंपरिक म्हणजे साधारणतः तोंडोतोंडी चालत आलेले, ज्याचा कर्ता विस्मृतीत गेला आहे असे.

शिक्षिकेने मुलीला सांगितले, ‘तुमच्या घरातले एखादे गाणे घे.’ आणि आम्ही उभयतां गप्प झालो.

ते मौन कशाचे होते, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. आम्हाला गाणी ठाऊक नव्हती असे नाही. परंतु परीक्षेनंतर तीच गाणी शिक्षिकेकडच्या छोट्या कार्यक्रमात म्हणावयाची होती आणि तेथे इतरही मराठी कुटुंबे येतात. अशाच एका मेळाव्यात पूर्वी आमचे आडनाव ऐकून एका गृहस्थांनी ‘अच्छा, म्हणजे तुम्ही...’ असे म्हणून वाक्य अर्धवट सोडले होते. त्या अर्धवट वाक्याचे भय पंचवीस वर्षे वैद्यक व्यवसाय करूनही आमच्या मनातून गेले नव्हते. आम्ही मुलीला एखादे सोपे इंग्रजी लोकगीत सुचविले. तिने विचारले, ‘आपल्या घरात हे कोण म्हणतं?’

मग आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. लपवायचे नाही ना, तर मग वामनदादा कर्डकांचेच गाणे हवे, असा हट्ट धरला. जणू मुलीच्या परीक्षेतून आमची मिरवणूकच निघणार होती. यात दोन अडचणी निघाल्या. पहिली नियमाची. वामनदादा आपल्याला चांगले ठाऊक आहेत. १९२२ साली सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेला आणि २००४ साली निवर्तलेला हा कवी कर्ता म्हणून विस्मृतीत जावा, असे कोण म्हणेल? तेव्हा त्या अर्थाने त्यांचे गीत ‘पारंपरिक’ नव्हे. (या नियमात न बसल्याचा आम्हाला आनंदच झाला.) दुसरी अडचण गळ्याची. भीमगीतांची घडण उघड्या मैदानाची आहे. ढोलकी, कोरस आणि समोरचा जनसमुदाय त्यांना उचलून धरतो. बंद खोलीत, एका परीक्षकासमोर, चौदा वर्षांच्या मुलीने ते टिपेच्या सुरात एकटीने पेलावे, ही अपेक्षाच चुकीची होती. मुलांचा आवाज फुटतो हे सर्वांना माहीत असते. परंतु या वयात मुलींच्याही स्वररज्जू वाढतात, आवाज किंचित खाली येतो आणि काही काळ त्यात हवा मिसळल्यासारखी वाटते. अशा वेळी टिपेचा ताण देऊ नये. दवाखान्यात हे आम्ही इतरांना सांगत असतो. घरी मात्र सोयीस्कर विसरलो.

मार्ग सापडला तो मराठवाड्यातून, दूरध्वनीवर. आमच्या मातोश्री आज ऐंशी ओलांडून गेल्या आहेत. लहानपणी पहाटे जात्याच्या घरघरीत त्यांच्या ओव्या ऐकत आम्ही झोपेतून जागे होत असू. त्यात भाऊ असे, माहेर असे आणि बाबासाहेबही असत. नातीने विचारताच त्यांनी बाबासाहेबांवरची ओवी म्हणून दाखविली. भीमरायाची मोटार गावाच्या वाटेने येते, अशा आशयाची. ओवी कोणी रचली, असे विचारता त्या म्हणाल्या, ‘बायकांनी.’

अशा ओव्या केवळ आमच्या घरच्या नव्हेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रभर एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. वैद्यकीय दृष्टीनेही ओवी आम्हाला शहाणी वाटली. जाते ओढता ओढता जेवढा श्वास उरतो, तेवढीच तिची ओळ लांब. स्वरांचा पल्ला आखूड, सूर मध्यम. साथ म्हणाल तर दगडाची, आणि परीक्षेत ती नसली तरी गाणे अडत नाही.

यावर काही मित्र म्हणतील की, ओवीत गायकी ती काय दिसणार? परंतु आमच्या मते निवडीची खरी कसोटी अशी की, गाण्यातला प्रत्येक शब्द मुलाला स्वतः समजावून सांगता आला पाहिजे. आमच्या कन्येने शिवार, खुंटा, कासरा हे शब्द आजीला विचारून वहीत लिहिले. पुढे तिने असेही विचारले की, आजीने बाबासाहेबांना पाहिले होते काय? पाहिले नव्हते. मग मोटार कशी दिसली? या प्रश्नावर तासभर बोलणे झाले. १४ एप्रिलच्या व्यासपीठावर तीन वर्षे नाचूनही असा प्रश्न तिला पडला नव्हता, हे आम्हा संयोजकांचे अपयश म्हणावे लागेल.

परीक्षेत ओवीला २१ पैकी १८ गुण मिळाले. त्या छोट्या कार्यक्रमातही मुलीने तीच ओवी म्हटली आणि आधी इंग्रजीतून अर्थ सांगताना बाबासाहेबांचे नाव स्वच्छ घेतले. कोणी वाक्य अर्धवट सोडले की नाही, ते आम्हाला कळले नाही. आम्ही तिच्याकडे पाहत होतो.

पुढील श्रेणीसाठी तिने एक स्कॉटिश लोकगीत निवडले आहे. आम्ही मध्ये पडलो नाही. आजीला मात्र तिने दूरध्वनीवरून कळविले, तेव्हा पलीकडून उत्तर आले, ‘मग ते मला शिकव.’